लाल दिवा लागलाय? मग टाचणी खाली ठेवा

आजचा भाग न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवरून सुरू होतोय. तिथं माझा मामेभाऊ राहतो. सीईटीच्या अर्जाची शेवटची रात्र, फोटो अपलोड करायचा राहिलेला, आणि वायफाय गेलं. गड्यानं काय करावं? डब्याच्या मागं बारीक भोक असतं ना रिसेटचं, त्यात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबून धरली.

आता खरी गंमत ऐका. बिघाड डब्यात नव्हताच. उसाच्या ट्रॉलीनं रस्त्यावरची फायबरची तार ओढून नेली होती. दुसऱ्या दिवशी केबलवाल्यानं तार जोडली, सगळ्या वस्तीचं नेट आलं, याचं नाही आलं. कारण त्या टाचणीनं डब्यात भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं गेलं होतं. अर्ज त्यानं रात्री गच्चीवर चढून, वहिनीच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन भरला. वाचला म्हणायचं.

तर रिस्टार्ट वेगळं आणि रिसेट वेगळं. रिस्टार्ट म्हणजे पिन काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. हे बिनधास्त करा. रिसेट म्हणजे डबा कारखान्यातून आला तसा कोरा करणं. काही कंपन्यांचे डबे कोरे झाल्यावर सेटिंग आपोआप ओढून घेतात, पण गावाकडच्या बऱ्याच जोडण्यांत ते हातानं भरावं लागतं. म्हणून आधी दिवे बघायचे.

एकही दिवा नाही? मग प्रश्न विजेचा. शिरूर काय, दौंड काय, वस्तीवर मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कसं पडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. लाईट जाऊन दणक्यात आली की पहिला बळी बहुतेक वेळा अडॅप्टरचा जातो, डब्याचा नाही. आधी बोर्ड बदलून बघा. मग दुसरा अडॅप्टर लावा, पण त्यावरचे व्होल्ट आणि पिन अगदी तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. 12 व्होल्टच्या डब्याला सेटटॉप बॉक्सचा कुठलाही अडॅप्टर लावू नका, जळेल.

एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल? याचा अर्थ फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. फायबरमध्ये वीज नसते हो, प्रकाश असतो. त्यामुळं तार तुटायलाच पाहिजे असं नाही, करकचून वाकली तरी प्रकाश बाहेर सांडतो. कपाटामागं दाबली गेलीय का, उंदरानं कुरतडलीय का, खिळ्याला आवळून बांधलीय का, बघा. हिरव्या टोकाची पिन नीट बसवा. ती काढून टोकात डोळा घालून मात्र बघू नका, आत लेझर असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. घरातली तार ठीक असेल तर बिघाड बाहेरचा: जेसीबी, ट्रॉली, वारा, नाहीतर केबलवाल्याच्या ऑफिसातली बॅटरी संपलेली. शेवटचं कुणी लक्षातच घेत नाही. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी प्रकाश पाठवणारं मशीन तिकडं आहे, त्यालाही लाईट लागते.

लाल दिवा नाही, पॉनचा दिवा स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा बंद किंवा लाल? तार चांगली आहे, लॉगिन अडकलंय. रिचार्ज संपलाय का ते आधी बघा. (हसू नका, माझंच झालंय हे.)

आणि सगळे दिवे हिरवे असून फक्त तुमच्याच फोनवर चालत नसेल तर डब्याला कशाला छळता? फोनमध्ये ते नेटवर्क फर्गेट करून पासवर्ड परत टाका. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. पडवीत चालतं आणि आतल्या खोलीत नाही, असं असेल तर 5 गिगाहर्ट्झवरून 2.4 वर या. ते हळू आहे, पण भिंतीतून जास्त आत जातं. पत्र्याची भिंत किंवा लोखंडी कपाट मधे असेल तर दोन्हींचं फारसं चालत नाही, डबाच हलवावा लागतो.

केबलवाल्या दादाला फोन करताना नुसतं "नेट चालत नाही" सांगितलं की तो म्हणणारच, "बंद करून चालू करा." त्याऐवजी असं सांगा: "दादा, आठ वाजल्यापासून एल-ओ-एस लाल आहे, घरातली तार बघितली, शेजारच्यांचंही गेलंय." शेजारच्यांचंही गेलंय म्हटल्यावर त्याला कळतं की तुमच्या घरी नाही, खांबावर जायचंय.

आणि हो, आज वायफाय चालू आहे ना? मग त्याला आत्ताच तुमचं युजरनेम-पासवर्ड व्हॉट्सअॅपवर मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. नेट गेल्यावर व्हॉट्सअॅप कुठनं उघडणार?