तीन बटणं आणि १,४५७

बिलोलीला जायला एक आकडा कारण झाला. २० नोव्हेंबर २०२४ला नांदेड लोकसभा मतदारसंघातल्या मतदारांनी एकाच फेरीत दोन मतं दिली. एक विधानसभेचं, दुसरं वसंतराव चव्हाण यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या लोकसभेच्या जागेचं. तीन दिवसांनी पेट्या उघडल्या तेव्हा सहाच्या सहा विधानसभा महायुतीकडे, आणि खासदार मात्र काँग्रेसचा. रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले. बिलोली शहर देगलूर विधानसभेत येतं. तिथे जितेश अंतापूरकर भाजपकडून निवडून आले. तेच जितेश २०२१च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून निवडून आले होते.

‘नेता गेला की मतं त्याच्यामागे जातात’ हे आपल्याकडचं ठरलेलं गणित. अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४मध्ये काँग्रेस सोडून भाजपात गेल्यावर नांदेडबद्दल तर ते सगळ्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. मला ते कधी पटलं नाही. म्हणून डिसेंबर २०२५ची बिलोली नगरपरिषदेची निवडणूक गाठली.

केंद्र शाळेत होतं. भिंतीवर बाराखडी, खाली लहान मुलांचे बाक एकाला एक जोडून केलेलं टेबल. पहाटे प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान, मग सील, सह्या, साडेसातला सुरुवात. ओळखपत्र, यादीत खूण, नोंदवहीत सही नाहीतर अंगठा, बोटाला शाई, हे सगळं ओळीने चाललेलं. माझं लक्ष मात्र कंट्रोल युनिटसमोर बसलेल्या गुरुजींवरून हलेना. जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे शिक्षक. त्यांचे कान पुठ्ठ्याच्या आडोशाकडे लागलेले.

इथे मतं तीन द्यायची होती. एक थेट नगराध्यक्षाला, दोन प्रभागातल्या दोन जागांना. तिन्ही बटणं दाबली की मगच लांब शिटी वाजते. एक म्हातारी आडोशाआड गेली आणि लगेच बाहेर आली. शिटी नाही.

“माय, अजून दोन बटणं राहिलीत.”

“मला एकच द्यायचं होतं, दिलं की.”

“तसं चालत नाही माय. कुणीच नको असंल तर शेवटचं बटण असतंय, नोटाचं. पण दाबावं लागतंय.”

ती परत गेली. बराच वेळ गेला. मागचे कुरकुरू लागले, एक पोलिंग एजंट उठून उभा राहिला, तसं गुरुजींनी मान वर न करता हातानेच त्याला खाली बसवलं. मग शिटी वाजली. म्हातारीने पदर सारखा केला आणि कुणाकडे न पाहता निघून गेली. तिने काय दाबलं ते कुणालाच कळणार नव्हतं. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. स्थानिक निवडणुकीत ते यंत्रच नसतं. शिटी वाजली, विषय संपला.

दुपारी जेवणापुरते गुरुजी मोकळे झाले. २०२४लाही त्यांची ड्यूटी लागली होती. “तेव्हा दोन मशिनी. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. लोक गोंधळतील म्हणून आम्हाला तीन-तीनदा ट्रेनिंग. कोण गोंधळलं? कोणीच नाही.” मी १,४५७ म्हणालो. ते डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, “दोन हजाराच्या आसपास बूथ होते. म्हणजे बूथमागं एक मत बी नाही. हिशोब करून बघा.” मी केला. एक हजार चारशे सत्तावन्न भागिले दोन हजार. खरंच एक मतही पडत नाही.

बिलोली हे सीमेवरचं गाव. इथल्या माणसाला मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही कानावरची. तेलंगणात शेतकऱ्याला काय मिळतं याची बातमी इथे मुंबईच्या बातमीआधी पोचते. तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी ५ फेब्रुवारी २०२३ला नांदेडमध्ये सभा घेतली, तेव्हा या पट्ट्यात त्यांच्या पक्षाची गुलाबी उपरणी बरीच दिसली. वर्षअखेरीस त्यांचं स्वतःचं राज्य गेलं आणि उपरणी पेटीत गेली. त्या उपरण्यांना लोक भुलले असं पुढारी म्हणतात. मला वाटतं, लोकांनी हिशोब मांडून पाहिला आणि पुसून टाकला.

शंभर मीटरच्या रेषेपलीकडे पक्षांची टेबलं होती. एका कार्यकर्त्याच्या यादीत प्रत्येक नावापुढे खूण होती. आपलं असेल तर बरोबर, दुसऱ्याचं असेल तर फुली, भरवसा नसेल तर प्रश्नचिन्ह. रात्री कुठल्या गल्लीत काय वाटलं गेलं यावर तिथे दबक्या आवाजात भरपूर चर्चा, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, वाटलं ते समोरच्यानं.

“काय लिहूलालाव?” त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. तो हसला. “तवा आमच्या यादीत प्रश्नचिन्हं लै कमी होती. सगळं पक्कं धरलं होतं आम्ही.” या वेळची यादी त्याने माझ्यापुढे सरकवली. पहिल्याच पानावर निम्म्याहून जास्त प्रश्नचिन्हं. त्यांतल्या काहींपुढे त्याने सकाळी बरोबरची खूण केली होती आणि दुपारी पुन्हा खोडली होती.

नगरपरिषदांची मतमोजणी न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत पुढे गेलेली. तोवर हा गडी ती यादी खिशात घेऊन हॉटेलात बसणार, आणि चहा पाजणाऱ्याला आपल्या उमेदवाराचं लीड सांगणार. मी विचारलं तेव्हा त्याने तीनशे सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्यानेही तीनशेच सांगितलं, त्याच्या उमेदवाराचं.