आरसा असावा की नसावा?

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फोटो काढणारे कुणी नव्हते. काढून घेणारेही फारसे नव्हते. आजोबांचा म्हणून एकच फोटो आहे, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. मोठा दादा मात्र चार वर्षांपासून लग्नांचे फोटो काढतो. धनजच्या आसपासच्या खेड्यांत आणि कारंज्याला त्याला रोजाने बोलावतात. कॅमेरा दुसऱ्याचा, स्वतःच्या म्हणून त्याच्याजवळ कॅननच्या दोन जुन्या लेन्स आहेत, एक ५० मिलिमीटरची आणि दुसरी ८५ ची.

यंदा सोयाबीन विकल्यावर बाबांनी त्याला कॅमेऱ्यासाठी पैसे द्यायचे ठरवले. दादाने दोन वापरलेले कॅमेरे पाहून ठेवले होते. एक डी. एस. एल. आर., २०१७ सालचा 'सिक्स-डी मार्क टू'; दुसरा मिररलेस, २०१९ सालचा 'ई. ओ. एस. आर-पी'. दोन्ही फुल फ्रेम, आणि सांगितलेल्या किमतींतही फारसे अंतर नव्हते. बाबांनी विचारले, "दोन्हीत फोटू सारखाच येते ना? मंग फरक कायचा?" घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून उत्तर शोधायचे काम माझ्याकडे आले. मित्रहो, ते उत्तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून येथे मांडते.

प्रथम 'फुल फ्रेम' म्हणजे काय ते पाहू. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून ३६ बाय २४ मिलिमीटरचे चित्र घेत. हेच माप पुढे सर्वत्र रुळले. आज फिल्मच्या जागी सेन्सर आहे. तो याच मापाचा असला की त्याला फुल फ्रेम म्हणतात. स्वस्त कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ सुमारे अडीच पट भरते. जास्त उजेड गोळा झाल्यामुळे मांडवातल्या अपुऱ्या प्रकाशातही चित्रात दाणे कमी दिसतात.

आता आरशाकडे वळू. डी. एस. एल. आर.मध्ये लेन्समधून आलेला उजेड तिरप्या आरशावर आदळून वर जातो आणि लोलकातून फिरून आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक्' आवाज बराचसा या आरशाचाच. मिररलेसमध्ये आरसाच नसतो. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि त्याने पाहिलेले दृश्य आपल्याला छोट्या विद्युत पडद्यावर दिसते. म्हणजे पहिल्यात आपण खरे दृश्य पाहतो, दुसऱ्यात होऊ घातलेला फोटो पाहतो. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

पहिला फरक चुकांचा. मागच्या वर्षी एका लग्नात हार घालतानाचे दादाचे आठ-दहा फोटो वाया गेले. काही काळवंडले, काहींत नवरीऐवजी मागची झालर स्पष्ट आली. मुलीच्या वडिलांनी निम्मे पैसे कापले, आणि दादा दोन दिवस धड जेवला नाही. मिररलेसमध्ये फोटो काळा येणार असेल तर तो कळ दाबण्यापूर्वीच काळा दिसतो; फ्लॅशचा उजेड मात्र आधी दिसत नाही. शिवाय 'सिक्स-डी'चे फोकसचे ४५ बिंदू चौकटीच्या मध्यभागी गोळा झालेले आहेत, तर 'आर-पी' कडेला उभ्या माणसाचाही डोळा शोधून त्यावर फोकस धरतो.

दुसरा फरक बॅटरीचा, आणि येथे आरसेवाला जिंकतो. कंपनीच्या ठराविक चाचणीप्रमाणे 'सिक्स-डी' एका बॅटरीवर सुमारे १२०० फोटो काढतो, 'आर-पी' अवघे २५०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त देतात, पण प्रमाण लक्षात घ्यावे. ज्या गावात ऐन मुहूर्तावर लाइट जाते, तेथे ही गोष्ट लहान नाही.

तिसरा फरक वजनाचा. बॅटरीसह 'सिक्स-डी' ७६५ ग्रॅम भरतो, 'आर-पी' ४८५. पाव किलोहून जास्त फायदा दिसतो खरा; पण जुन्या लेन्स लावायला लागणारी जोडकडी ११० ग्रॅमची आहे, तेवढा तो घटतो.

ही जोडकडी समजून घेण्यासारखी आहे. कॅननच्या डी. एस. एल. आर.मध्ये आरशाला जागा हवी, म्हणून लेन्सची बैठक सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर असते. मिररलेसमध्ये ती २० वर आली. उरलेले २४ मिलिमीटर ही पोकळ कडी भरून काढते. तिच्यात काच नसते, म्हणून चित्र बिघडत नाही आणि फोकसही आपोआप होतो. पण हा रस्ता एकेरी आहे. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लागते. नवी लेन्स जुन्याला लागत नाही. आणि २०२० नंतर कॅनन वा निकॉनने एकही नवा फुल फ्रेम डी. एस. एल. आर. आणलेला नाही. म्हणून जुना घेणाऱ्याने पुढे लेन्सही जुन्याच शोधाव्या लागतील, हे धरून चालावे.

मग आरसा टाकाऊच का? मुळीच नाही. आमच्या जवळच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. तेथे काळविटाची वाट पाहत दिवसभर बसणाऱ्याला डी. एस. एल. आर. सोयीचा, कारण नुसते पाहत राहिल्याने बॅटरी फारशी खर्च होत नाही. 'सिक्स-डी' सेकंदाला साडेसहा फोटो घेतो, 'आर-पी' पाच. शिवाय लेन्स बदलताना आरसा आणि पडदा सेन्सरला झाकून ठेवतात. पुष्कळ मिररलेसमध्ये तो उघडाच राहतो आणि आमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ तर सर्वांना ठाऊक आहे. महागड्या मिररलेसने यांतल्या बऱ्याच उणिवा भरून काढल्या आहेत; पण त्या किमतीत आमचे अख्खे सोयाबीन गेले असते.

शेवटी बाबांना सांगितले, "बाबा, या दोन कॅमेऱ्यांचे सेन्सर जवळपास सारखेच, दोन कोटी बासष्ट लाख बिंदूंचे. फोटो सारखाच येईल. फरक आहे तो फोटो चुकण्यात." बाबांना हे लगेच पटले. पेरणी चुकली की काय होते, हे त्यांना कुणी सांगायला नको. दादाने 'आर-पी' घेतला, सोबत कडी आणि तीन जादा बॅटऱ्या. बॅटऱ्यांचा खर्च आम्ही आधीच किमतीत धरला होता.

यंत्र निवडण्याआधी आपले काम ओळखावे, आपण कोठे चुकतो ते प्रामाणिकपणे पाहावे आणि मगच पैसे मोजावेत, एवढे मी यातून शिकले. नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो दादाने आजीचा काढला. या वेळी घोळक्यातला नाही, तिचा एकटीचा.