एरर १०४५ : ही तर खुशखबर!

डोंबिवलीत वीज गेली, राउटर बंद पडला, मोबाइलची रेंजही गेली. तरी बॅटरीवरच्या लॅपटॉपच्या काळ्या खिडकीतून त्यावरच्याच मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलता येतं! क्लायंट आणि सर्व्हर हे दोन वेगळे प्रोग्राम इथे एकाच यंत्रात असतात आणि विंडोजवर १२७.०.०.१ या पत्त्यावर एकमेकांना गाठतात. या पत्त्यावर धाडलेला निरोप यंत्राबाहेर पडतच नाही.

ठाणे-कल्याणकडे बीएस्सी आयटीला नुकत्याच आलेल्या मुलांना मात्र आधी भेटते ती एरर. ती नीट वाचली, तर निरोप कुठवर पोचला हे कळतं.

विंडोजने ‘मायएसक्यूएल’ ही कमांडच ओळखली नाही, तर निरोप निघालेलाच नाही. क्लायंटचा प्रोग्राम ‘बिन’ फोल्डरमध्ये असतो. त्या फोल्डरचा पत्ता विंडोजच्या ‘पाथ’ या यादीत घाला.

एरर २००३ आली, तर निरोप निघाला, पण ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही. बहुतेकदा सर्व्हर बंद असतो. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये मायएसक्यूएलची सर्व्हिस सुरू करा. लिनक्सवर स्थानिक जोडणी सॉकेट नावाच्या फाइलमधून होते, म्हणून तिथे २००२ दिसते.

आणि १०४५, म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’? मुलं इथेच हिरमुसतात. खरं तर सर्व्हर जागा आहे, त्याने निरोप ऐकला आणि विचार करून नकार दिला! या ओळीच्या शेवटच्या कंसात पासवर्डपुढे ‘नो’ असेल, तर पासवर्ड पोचलेलाच नाही; कमांडमध्ये ‘-पी’ राहिलं असेल. ‘येस’ असेल, तर पासवर्ड किंवा युजरचं नाव तपासा. लिनक्सवर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो.

नकारात युजरसोबत ठिकाणही छापलेलं असतं : ‘रूट ॲट लोकलहोस्ट’, म्हणजे याच यंत्रावरून आलेलं मुख्य खातं. मायएसक्यूएलच्या लेखी माणूस कोण एवढंच पुरत नाही, तो कुठून आला हेही ओळखीतच मोडतं. म्हणून याच यंत्रावर चालणारं रूट खातं शेजारच्या लॅपटॉपवरून नाकारलं जाऊ शकतं. उबुंटू या लिनक्सवर तर रूटला बहुधा पासवर्डच लागत नाही. ‘सुडो’ लावून आलात की ऑपरेटिंग सिस्टिमच तुमची हमी देते.

आत शिरल्यावर एंटर दाबूनही नुसता बाण दिसला, तर घाबरू नका. वाक्य संपवणारा अर्धविराम द्या, उत्तर येईल.

तेव्हा सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी एरर शेवटच्या कंसापर्यंत वाचा.