अंतर ठरलेलं, वेळ वाऱ्याची

रात्री 10. आधीच्या पाळीतल्या डिस्पॅचरकडून, म्हणजे विमानाचा मार्ग आणि इंधन जमिनीवरून ठरवणाऱ्याकडून, काम समजून घेते. भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवतंय. आमचा सगळा कारभार यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर चालतो. आज माझ्याकडे पहाटे अडीचचं मुंबई–लंडन आहे.

10.30. लंडनचं हवामान. विमान पोचेल त्याच सुमाराला, तिथल्या सकाळी सातला, धुक्याचा अंदाज आहे. पर्यायी विमानतळ म्हणून गॅटविक जवळचं; पण जिथे उतरायचं त्या हीथ्रोवर धुकं असलं की तेही सुटेल याचा भरवसा नाही. मँचेस्टर धरते.

11.15. मार्ग. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला तर अंतर भरतं सुमारे 7,200 किलोमीटर. हा दोरा कराचीजवळून, इराण, कॉकेशस, काळा समुद्र असा युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना मनाई केली आणि जूनमध्ये युद्धामुळे इराणचंही आकाश काही काळ मिटलं. सर्वांत जवळची वाट अशी माणसांच्या भांडणांनी अडवावी, याचं मला दर पाळीत वाईट वाटतं. आजचा मार्ग अरबी समुद्रावरून ओमान, सौदी, इजिप्त, भूमध्य समुद्र असा.

मध्यरात्री 12. आता खरा खेळ, वाऱ्याचा. पस्तीस हजार फुटांच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि जानेवारीत त्याला जोर असतो. साधा हिशोब करून पाहा: विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर आणि समोरून वारा सरासरी 80, तर 7,200 किलोमीटरला पावणेनऊ तास लागतात. तोच वारा पाठीशी असला की सात तास वीस मिनिटं. शहरं तीच, विमान तेच, फरक जवळजवळ दीड तासाचा. त्यात वळसा आणि धावपट्टीपर्यंतची रांग मिळवली की लंडनला जाताना प्रवास दहा तासांच्या घरात जातो.

1.00. इंधन. प्रवासापुरतं, त्याच्या पाच टक्के आकस्मिक, मँचेस्टरपर्यंतचं आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं राखीव. सढळ हातानं भरावं म्हटलं तर इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं; इतक्या लांब पल्ल्यावर जादा टनातलं पाव टनाहून अधिक वाटेतच संपतं. पूर्वी वाटेत थांबून इंधन भरता यायचं: 8 जून 1948 ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं.

1.30. कॅप्टनचा फोन. “मॅडम, धुक्यासाठी दीड टन जादा द्या.” धुकं उठायला वेळ लागला तर वर थांबावं लागेल, हे मलाही पटतं. आराखड्यावर दोघांच्या सह्या.

2.40. विमान हललं.

4.30. ओमानजवळ. वारा अंदाजापेक्षा किंचित जास्त, इंधन ठीक.

सकाळी 6. पुढच्या पाळीला हे विमान सोपवते. ते उतरायला अजून सहा-साडेसहा तास आहेत.

हिवाळ्यात मुंबईहून युरोपला जाऊन तिथून पुढचं विमान पकडायचं असेल, तर मध्ये किमान तीन तास ठेवा. तिकिटावरची पोचण्याची वेळ कित्येक महिने आधी छापलेली असते; वारा आम्हाला त्याच रात्री कळतो.