सासनची धुराडी आणि सातशे किलोमीटरवरचा साक्षीदार

मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यात सासन इथे ३,९६० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हे काढायची रूढ पद्धत म्हणजे कोळशाचा हिशेब: किती टन जळला आणि त्यात कार्बन किती होता. २०१७ मध्ये कॅनडाच्या पर्यावरण खात्यातले शास्त्रज्ञ रे नासार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आकडा दुसऱ्याच वाटेने काढून दाखवला. अमेरिकेतल्या काही वीज केंद्रांबरोबर त्यांनी सासनही निवडले होते. मोजणी केली होती जमिनीपासून ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या ‘नासा’च्या ओसीओ-२ या उपग्रहाने.

हे काम किती नाजूक आहे ते आकड्यांवरून कळते. हवेत सगळीकडेच दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास भाग कार्बन डायऑक्साइड असतो. वाऱ्याने वाहत जाणाऱ्या मोठ्या वीज केंद्राच्या झोतावरून उपग्रह गेला, तर जमिनीपासून अवकाशापर्यंतच्या हवेच्या स्तंभात त्याला साधारण एखाद-दोन भागांची वाढ दिसते. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरचा फरक, तोही रंग-वास नसलेल्या वायूतला.

उपग्रह हा वायू थेट पाहत नाही, तो जमिनीवरून परतणारे ऊन पाहतो. सूर्यप्रकाशातल्या काही ठराविक तरंगलांब्या कार्बन डायऑक्साइडचे रेणू शोषून घेतात, त्यामुळे परतलेल्या प्रकाशाच्या पटात तिथे काळ्या रेघा उमटतात. रेघ जितकी गडद, तितके वाटेत भेटलेले रेणू जास्त. ओसीओ-२ वर तीन वर्णपटमापक आहेत. दोन कार्बन डायऑक्साइडच्या रेघा वाचतात, तिसरा ऑक्सिजनच्या. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण जवळजवळ स्थिर असल्याने प्रकाश एकूण किती हवेतून आला ते त्यावरून समजते आणि दोहोंचा भागाकार करून प्रमाण निघते. ऑक्सिजनचा असा मापपट्टीसारखा उपयोग करण्याची युक्ती मला या उपग्रहातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

इथवर पोचणे सोपे नव्हते. पहिला ओसीओ २४ फेब्रुवारी २००९ रोजी कॅलिफोर्नियातून सुटला, पण अग्निबाणाच्या टोकावरचे संरक्षक कवच वेगळे झाले नाही. त्या जादा वजनामुळे कक्षा गाठता आली नाही आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात पडला. महिनाभर आधी निघालेला, हाच वायू मोजणारा जपानचा ‘इबुकी’ उपग्रह मात्र नीट पोचला होता. अमेरिकेने जवळपास तसाच उपग्रह पुन्हा बांधला आणि २ जुलै २०१४ रोजी ओसीओ-२ निघाला. त्याचा भाऊ ओसीओ-३ २०१९ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे.

हवेत किती वायू आहे हे कळले, तरी कुठून किती बाहेर पडला हे कळायचे बाकीच राहते. उदबत्ती तीच असली तरी पंखा मंद असेल तर धुराचा पट्टा दाट दिसतो, जोरात असेल तर विरळ. तसेच धुराड्यांचे. म्हणून झोतातल्या जादा वायूला वाऱ्याच्या वेगाने गुणावे लागते. वाऱ्याचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला, तर उत्सर्जनाचा आकडाही दहा टक्क्यांनी चुकतो. शिवाय ओसीओ-२ चा पट्टा जेमतेम दहा किलोमीटर रुंद आहे आणि तो त्याच वाटेवर सोळा दिवसांनी परततो. ढगांतून त्याला काही दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्याचे महिनेच्या महिने असे हातचे जातात.

प्रदेश मोठा असला की प्रश्न वेगळाच होतो. जंगले, शेते आणि माती श्वासोच्छ्वास करतात, समुद्र वायू शोषतो. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याच्या आसपासच हवेत उरतो. इथे शास्त्रज्ञ संगणकावर वारे वाहते ठेवून उलटे गणित मांडतात: हवेत असे प्रमाण दिसण्यासाठी कुठल्या भूभागाने किती सोडले, किती घेतले असेल? २०१५-१६ च्या एल निनोच्या काळात या गणिताने मोठी गोष्ट उघड केली. २०११ च्या तुलनेत २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातून अडीच अब्ज टन जादा कार्बन हवेत गेला होता, पण तीन खंडांत कारणे तीन होती. ॲमेझॉनमध्ये दुष्काळाने झाडांचे प्रकाशसंश्लेषण मंदावले, आफ्रिकेत उष्णतेने कुजण्याचा वेग वाढला, इंडोनेशियात जंगले आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) जमीन जळली. केवळ इंधनाच्या पावत्यांवरून हे कधीच कळले नसते.

२०२३ मध्ये शंभरहून अधिक देशांचे कार्बनचे ताळेबंद उपग्रहाच्या अशाच निरीक्षणांवरून प्रसिद्ध झाले. त्यात एक मर्यादा आहे आणि ती लपवू नये. इंधनातून झालेले उत्सर्जन तिथे कागदोपत्री आकड्यांवरूनच घेतले होते. उपग्रहाने सांगितली ती एकूण देवाणघेवाण. लहान देशांसाठी ते आकडे अजून ढोबळच आहेत. म्हणून उपग्रह कागदावरच्या हिशेबाची जागा घेईल असे मी म्हणणार नाही. पण उत्सर्जन करणाराच हिशेब लिहितो, तेव्हा दुसरा स्वतंत्र साक्षीदार असलाच पाहिजे. पोलंडमधल्या बेलखातूफ या युरोपातल्या सर्वांत मोठ्या कोळसा वीज केंद्रात काही संच बंद झाले, वीजनिर्मिती घटली, आणि ती घट ओसीओ-२ व ओसीओ-३ च्या मोजणीतही दिसली. केलेली कपात आकाशातून ताडून पाहता येते, याचा हा पुरावा आहे.

आणि नेमका हा साक्षीदार अडचणीत आला. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने पुढच्या अर्थसंकल्पात ओसीओ-२ व ओसीओ-३ या दोन्ही मोहिमांचा पैसा थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. युरोप मात्र कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या सीओटूएम या उपग्रहांच्या तयारीत आहे. त्यांचा पट्टा अडीचशे किलोमीटर रुंद असेल. भारत जगातला तिसरा मोठा उत्सर्जक देश आहे, पण खास कार्बन डायऑक्साइड मोजणारा आपला एकही उपग्रह अजून कक्षेत नाही. चंद्रावर उतरलेल्या देशाला हे न जमण्यासारखे नाही. सासनची आणि आपल्या चंद्रपूरच्या वीज केंद्राची मोजणी आपणच करावी आणि आकडे जगासमोर ठेवावेत. तोवर ओसीओ-२ ची सारी निरीक्षणे कुणालाही विनामूल्य मिळतात. आपल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी ती आजच उघडून कामाला लागावे.