नाचणी, सिद्दी आणि मलिक अंबर : आफ्रिका शिकायला निघण्यापूर्वी

आजचा विषय आहे, आफ्रिकेचा इतिहास आणि संस्कृती शिकायची कशी. अमेरिकेतली, युरोपातली अनेक विद्यापीठं उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना काही आठवडे घाना, टांझानिया, सेनेगल अशा देशांत नेतात. तिथलं विद्यापीठ, तिथलेच प्राध्यापक, आणि बरेचदा मुक्कामही एखाद्या कुटुंबात. आपली मुलं बाहेर शिकायला गेली की त्यांच्यापुढेही हा पर्याय येतो. मग घरचे विचारतात, "भोर-वेल्ह्याचा आणि आफ्रिकेचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो निघण्यापूर्वी समजून घेतला तर त्या थोड्या आठवड्यांचं चीज होतं, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात ताटापासून करू. वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते. तिला आपण पक्की मावळी समजतो. पण वनस्पतिशास्त्र सांगतं की नाचणी प्रथम लागवडीखाली आली ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात, इथिओपिया-युगांडाच्या बाजूला. तिथून काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोचली. इथिओपियात तिला दागुसा म्हणतात. ज्वारीचं मूळही आफ्रिकेतच, सुदानच्या बाजूला. म्हणजे आपली भाकरी त्या खंडाशी नातं सांगते, आपल्याला ते ठाऊक नसतं इतकंच.

आता इथल्या पोराटोरांना पाठ असलेली गोष्ट घ्या. १६६० सालचा पन्हाळ्याचा वेढा. वेढा घालणारा सिद्दी जौहर, पाठलागावर आलेला सिद्दी मसूद. खिंड अडवून धरणारे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे हिरडस मावळातले, म्हणजे आजच्या भोर तालुक्यातले. गोष्ट सांगताना 'सिद्दी' हा शब्द आपण आडनावासारखा उच्चारतो आणि पुढे सरकतो. पण सिद्दी किंवा हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेली माणसं आणि त्यांचे वंशज. 'हबश' हे इथिओपिया आणि आसपासच्या मुलखाचं अरबी नाव, त्यावरून हबशी. आणि बघा, तोच वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो सरदार आला, तो सिद्दी हिलाल. म्हणजे एकाच लढाईत दोन्ही बाजूंना हबशी होते. त्यांना एका खलनायकाच्या साच्यात बसवलं की इतिहास समजत नाही.

त्याच्या आधीच्या पिढीत मलिक अंबर होऊन गेला. जन्म सुमारे १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला, आणि इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीच्या चंगेजखान नावाच्या वजिरानं, जो स्वतःही हबशीच होता. पुढे हाच गुलाम निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

इथे एक अडचण येते. आपल्या इतिहासात मलिक अंबर जणू दख्खनमध्येच जन्मतो. विकला गेलेला तो मुलगा कोणत्या घरातला, कोणती भाषा बोलणारा, त्याच्या गावाचं पुढे काय झालं, हे आपण विचारत नाही. हा प्रश्न घेऊन आफ्रिकेत जायचं. आणि तिथे गेल्यावर गुलामगिरीही एकाच प्रकारची नव्हती हे दिसतं. घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला आहे, पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधलेला. तिथल्या कोठड्यांतून माणसं अटलांटिकपार मळ्यांवर राबायला पाठवली गेली. दख्खनमधला लष्करी गुलाम मात्र धनी वारल्यावर बरेचदा मोकळा होई, सरदारही होई. दोन्हीकडे माणूस आधी घरातून तोडला गेला, हे विसरायचं नाही. पण दोन व्यवस्था वेगळ्या होत्या, हेही नीट मांडता आलं पाहिजे.

तयारी काय करायची? पहिली गोष्ट, 'आफ्रिका' हा एक देश समजू नका. तिथे ५४ देश आहेत. आपण चाललोय त्या देशाचं नाव, भाषा, इतिहास आधी वाचा. दुसरी, थोडी भाषा शिका. इथिओपियाच्या अम्हारिक भाषेची लिपी आपल्याला फार परकी वाटायची नाही. तिथे एकाच व्यंजनाला स्वरानुसार सात रूपं येतात. आपल्या बाराखडीचीच सख्खी चुलत बहीण म्हणा ना. तिसरी, आधी जवळचं बघा. वरंध घाट उतरून महाड, तिथून पुढे मुरूड-जंजिरा. सिद्दींचं जंजिरा आणि पंतसचिवांचं भोर, दोन्ही संस्थानं १९४८ मध्येच विलीन झाली. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अभ्यास केंद्र आहे, तिथेही चौकशी करा.

शेवटची तयारी सगळ्यात अवघड, कारण ती आपल्या जिभेची आहे. पुण्यात आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकायला येतात. आपल्यासारखीच घर सोडून आलेली मुलं. त्यांना घर भाड्यानं देताना आपण काय विचारतो? रस्त्यात दिसले की मागून काय बोलतो? 'हबशी' हा शब्द एकेकाळी माणसाचा मुलूख सांगायचा. आज आपण तो खादाडाला, काळ्या माणसाला चिडवायला वापरतो. घानातलं एखादं कुटुंब आपल्या मुलीला सहा आठवडे घरात ठेवून घेणार आहे, आपल्या ताटात वाढणार आहे. तिथून त्यांचा मुलगा पुण्याला आला, तर आपण त्याला काय वाढणार, हे निघण्याआधी घरात बसून ठरवा. नाचणीची भाकरी चालेल. त्याला ती नवीन वाटेलच असं नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.