स्वतःलाच मोडायला निघालेली विधानसभा

डिचोलीत नागरिकशास्त्र शिकवताना मी वर्गात एक प्रश्न हमखास टाकायचे: ‘आम्हाला वेगळी चूल नको’ म्हणणाऱ्यांनीच जिंकलेली विधानसभा कुठली? मुलं दिल्लीपासून अंदाज बांधत. उत्तर मात्र पणजीतच होतं.

1961 मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. 1963 च्या कायद्याने गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाला 30 निर्वाचित आमदार मिळाले: 28 गोव्याचे, दमण आणि दीवचा एकेक. मतदान 9 डिसेंबर 1963 रोजी झालं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सामान्य माणसाच्या मताला विचारतो कोण? आता प्रत्येक सज्ञानाला मत होतं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचं चिन्ह, सिंह, ती बरोबर ओळखायची. ‘भाटकार माझ्या मागे रांगेत होता गो!’ हे जमीनदाराबद्दलचं वाक्य तिने आम्हाला कितीदा तरी ऐकवलं.

निकालाचं मर्म त्या रांगेतच होतं. डिचोली, पेडणे, सत्तरीतली कुळं आणि भाटकाराच्या जमिनीवर घर असलेले मुंडकार मगोच्या मागे उभे राहिले. गोवा वेगळा राहावा म्हणणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला 12 जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात भोपळा; तिची एकमेव जागा दमणची. मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर स्वतः उभेच नव्हते, तरी 20 डिसेंबरला मुख्यमंत्री झाले आणि पुढे पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. 9 जानेवारी 1964 रोजी मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यात पहिली बैठक भरली. सभापती पां. पु. शिरोडकर, विरोधी नेते डॉ. जॅक सिक्वेरा.

या सभागृहाने 1964 मध्ये कूळ कायदा केला. भाटकाराच्या मनात आलं म्हणून कुळाला शेतातून हुसकावणं बंद झालं. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तशाच एका शाळेत मी मुळाक्षरं गिरवली. त्याच सभागृहात महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठरावही संमत झाला. तो अमलात आला असता, तर ही विधानसभाच उरली नसती.

मग प्रश्न थेट लोकांपुढे गेला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळेपणाचं दोन पानं. आमच्या घरात सगळे फुलाचे. पानं 34,021 मतांनी जिंकली. आजी चार दिवस धुसफुसत राहिली.

मी आजीच्या बाजूची नाही. तिने ज्या सिंहाला मत दिलं, त्यानेच तिला कुळाचा हक्क दिला. पण तो हक्क पुढे नेणारं सभागृह वाचवलं ते पानांनी. 1976 च्या दुरुस्तीने कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं, तेही पणजीतच. मुंबईच्या भल्यामोठ्या सभागृहात डिचोलीच्या कुळाची दाद इतक्या जवळून कोणी घेतली असती, असं मला वाटत नाही.